हर्नियाच्या पिशवीत सापडलेली जेली

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एस.टी.त कंडक्टर होते. चार महिन्यांपूर्वी उजव्या जांघेत गाठ आली. आधी अवधाण समजून शेकलं, मग हर्निया निघाला. तालुक्याच्या गावी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "पिशवीत जेलीसारखं काहीतरी होतं, तपासायला पाठवलंय. जाळी बसवलेली नाही, नुसते टाके घातलेत." रिपोर्टमध्ये 'लो ग्रेड म्युसिनस निओप्लाझम' लिहिलंय आणि खाली 'अपेंडिक्स तपासावे' अशी सूचना आहे. म्हणजे हर्नियाचा कॅन्सर झाला का? काका म्हणतात, हत्यार लागलं म्हणून हे उठलं, आता पुन्हा कापायचं नाही. त्यांनी कुठून तरी काढा आणलाय. दुसरे एक ओळखीचे डॉक्टर म्हणतात, पोट उघडून जेली काढून टाकू, आठ दिवसांत मोकळे. अण्णांना आम्ही 'आत थोडा पू होता' एवढंच सांगितलंय. ते आषाढीला पंढरपूरला जायचं म्हणतात. मी काय करू?
— स., अहिल्यानगर जिल्हा

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा पहिला विचार त्या सर्जनचा आला. त्यांनी ती जेली पुसून बादलीत टाकली नाही, बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवली. तुमच्या अण्णांच्या बाबतीत आतापर्यंत घडलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तीस वर्षं अशा बाटल्या उघडतेय, म्हणून हे ठामपणे सांगू शकते. हर्नियाची पिशवी तपासायला पाठवलीच पाहिजे असा नियम नाही. ती नेहमीसारखी पातळ, स्वच्छ दिसली तर बहुतेक ठिकाणी पाठवतही नाहीत, आणि त्यात चूकही नाही. पण आत काही वेगळं दिसलं तर ते पाठवायचंच. माझ्याकडे पूर्वी एक गृहस्थ आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हर्नियात 'चिकट पाणी' निघालं होतं आणि ते कुणी तपासलं नव्हतं. आले तेव्हा पोट पखालीसारखं झालेलं. त्यांची वाया गेलेली ती दोन वर्षं तुमच्या हातात आहेत.

आता तुमचा पहिला प्रश्न. हर्नियाचा कॅन्सर झालेला नाही. आपल्या पोटाला आतून एक गुळगुळीत अस्तर असतं, पिशवीला कापडाचं असतं तसं. जांघेत किंवा बेंबीपाशी पोटाची भिंत कमजोर झाली की ते अस्तर तिथून बाहेर डोकावतं, उलटा केलेला खिसा जसा लोंबतो तसं. हाच हर्निया, जुन्या माणसांच्या भाषेत अंतर्गळ. त्या खिशाचं तोंड पोटाकडे उघडंच असतं. म्हणून पोटात जे असेल ते तिथं उतरू शकतं: आतडं उतरतं, चरबीचा पडदा उतरतो, पाणी झालं असेल तर पाणी उतरतं. वाफ्यात पाणी सोडलं की ते सखल कोपऱ्यात जाऊन साचतं, तशीच ही जेली जांघेत येऊन साचली. उगम दुसरीकडे आहे, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याने तो कुठे शोधायचा हेही सांगितलंय: अपेंडिक्स.

अपेंडिक्सच्या आतल्या पेशी थोडा बुळबुळीत स्राव सोडतच असतात. काही माणसांत या पेशी बिघडतात आणि तो स्राव वाजवीपेक्षा जास्त बनवत राहतात. रिपोर्टमधलं 'म्युसिनस निओप्लाझम' ते हेच. करंगळीएवढं अपेंडिक्स फुगतं आणि एक दिवस त्याला कुठेतरी बारीक भोक पडतं. बहुतेकांना कळतही नाही. पोटात दुखलंच तर 'वात धरला' म्हणून ओवा खाऊन विषय संपतो. त्या भोकातून जेली आणि तिच्यासोबत ती बनवणाऱ्या पेशी पोटात सांडतात. या पेशींचा स्वभाव इतर कॅन्सरपेक्षा निराळा. त्या सहसा रक्तातून फुप्फुसात किंवा मेंदूत जात नाहीत. पोटाच्या पाण्याबरोबर फिरतात, सखल जागी आणि यकृताच्या वर डायफ्रॅमखाली, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली, जाऊन बसतात, आणि बसल्या जागी जेली बनवत राहतात. लहान आतडं सतत वळवळत असतं, त्यामुळे त्यावर त्यांना बरेच दिवस ठाव मिळत नाही. मोठ्या ऑपरेशनला यश येतं त्यामागे आतड्याच्या या वळवळीचा मोठा वाटा आहे.

या आजाराला 'स्युडोमिक्सोमा पेरिटोनाय' म्हणतात. नाव लिहून ठेवा, पुढे दहा वेळा ऐकाल. फार दुर्मीळ आहे, वर्षाला दहा लाख माणसांत मोजक्यांना होतो. दुर्मीळ असल्यामुळे बऱ्याच चांगल्या डॉक्टरांनीही तो आयुष्यात एकदाच पाहिलेला असतो, किंवा पाहिलेलाच नसतो. इंग्रजी चित्रपटांची नायिका ऑड्री हेपबर्न १९९३ साली याच आजाराने गेली. पुरुषांमध्ये नव्याने आलेला हर्निया ही त्याची एक ओळखीची पहिली खूण आहे, म्हणजे अण्णांच्या बाबतीत काही अघटित घडलेलं नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला विचारावंसं वाटतं: गेल्या वर्षभरात अण्णांचा पट्टा एक-दोन भोकं पुढे सरकला का? हातपाय तसेच आणि पोटाचाच घेर वाढला का? असेल तर ते पुढच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. 'निवृत्तीनंतर सुटलंय' म्हणून सगळे सोडून देतात.

काकांबद्दल. "कॅन्सरला हत्यार लावलं की तो पसरतो" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की त्याची मला भीती वाटायला लागली आहे, कारण त्यापायी बरी होऊ शकणारी माणसं उशिरा येतात. अण्णांच्या बाबतीत हे हिशोबानेही बसत नाही. जेली पिशवीत आधीपासून होती, म्हणून तर सर्जनना दिसली. हत्यार नंतर लागलं. पण काकांना खोडून काढताना एक गोष्ट मात्र कबूल करा, कारण ती खरी आहे. या पेशींना कापलेली, खरवडलेली जागा आवडते. पोटात अर्धवट ऑपरेशन झालं की त्या ताज्या जखमांवर, टाक्यांच्या रेषेत जाऊन त्या रुजतात, आणि तिथून त्यांना पुन्हा सोडवणं अवघड होतं. म्हणजे हत्यार लावायचंच नाही असं नव्हे. ते लावायचं तर जाणत्या हाताने आणि पुरं काम करण्यासाठी लावायचं. काकांना असं सांगितलंत तर त्यांचा मानही राहील आणि ते तुमच्या बाजूलाही येतील. काढ्याबद्दल एवढंच, की त्याने ही जेली विरघळत नाही. काही काढे यकृताला त्रास देतात, आणि ऑपरेशनच्या तोंडावर यकृत ठणठणीत लागतं. तेव्हा तो बंद. अण्णा तंबाखू मळत असतील तर तीही आजपासून बंद, जखम भरायला ती आडवी येते.

आता मी ज्यासाठी एवढं लांबलचक लिहितेय ती गोष्ट. "पोट उघडून जेली काढून टाकू, आठ दिवसांत मोकळे" हे मान्य करू नका. त्या डॉक्टरांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पूर्वी सगळीकडे हेच करायचे: पोट उघडायचं, ओंजळी भरभरून जेली काढायची, शिवायचं. रुग्णाला वर्षभर हलकं वाटायचं. मग ती पुन्हा भरायची, पुन्हा उघडायचं, आणि दर खेपेला आतडी एकमेकांना अधिक चिकटत जायची. शेवटी उघडायलाच जागा राहायची नाही. जेली काढली तरी ती बनवणारा कारखाना पोटाच्या अस्तरावर तसाच राहतो. या आजारात पहिलं मोठं ऑपरेशन हीच सगळ्यात चांगली संधी असते. कोरं पोट एकदाच मिळतं. अण्णांचं पोट अजून कोरं आहे, जांघेतला छेद सोडला तर कुणी हात लावलेला नाही. ही संधी आठ दिवसांच्या घाईत घालवू नका. सुईने 'पाणी' काढून बघू असं कुणी म्हटलं तर त्यालाही थांबवा. जेली घट्ट असेल तर ती सुईतून येत नाही, आणि सुईच्या वाटेवर पेशी रुजायचा धोका उगाच पत्करावा लागतो.

तर करायचं काय? आधी ऑपरेशन झालं त्या ठिकाणी जा आणि डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या: जेली किती होती, पिशवी पूर्ण काढली की थोडी राहिली, पोटाच्या बाजूने काही दिसलं का. मग प्रयोगशाळेत जा. तिथं मेणाचे छोटे चौकोनी ठोकळे असतात, ज्यांत अण्णांचा तुकडा बसवलेला असतो. त्यांना 'ब्लॉक' म्हणतात. काचेच्या पट्ट्या म्हणजे 'स्लाइड'. लेखी अर्ज दिला की दोन्ही मिळतात, तो तुमचा हक्क आहे. नुसता रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही. पुढच्या ठिकाणचा पॅथॉलॉजिस्ट तो तुकडा स्वतःच्या डोळ्याने बघणारच, आणि बघायलाच हवा. जेलीत पेशी आहेत की नुसती जेली आहे, पेशी लो ग्रेड म्हणजे मंद स्वभावाच्या आहेत की हाय ग्रेड म्हणजे आक्रमक, यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. ब्लॉक रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवू नका, उन्हात मेण वितळतं. डबीत घालून न्या.

इथल्या इथे छाती, पोट आणि ओटीपोटाचा सी.टी. स्कॅन करून घ्या, शिरेतून औषध देऊन केलेला. आधीची सोनोग्राफी फक्त जांघेची झाली असेल तर तिच्यात हे दिसणं शक्यच नव्हतं, त्याचा राग धरू नका. स्कॅनची सीडी सांभाळा, कारण पुढचे डॉक्टर चित्रं स्वतः बघतात. रक्तातल्या कॅन्सरच्या खुणा मोजणाऱ्या सी.ई.ए., सी.ए. १९-९ आणि सी.ए. १२५ या तपासण्या आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी लागेल. त्या तिकडे गेल्यावर झाल्या तरी चालतात.

'तिकडे' म्हणजे पोटाच्या अस्तराच्या कॅन्सरची ऑपरेशनं नेहमी करणारं केंद्र. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल तुम्हाला ठाऊक असेलच. १९४१ पासून ते उभं आहे आणि तिथं हे काम होतं. मुंबई-पुण्यात आणखीही काही रुग्णालयांत होतं. कुठेही गेलात तरी सर्जनना सरळ विचारा: "या आजाराची अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?" चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. टाटामध्ये जनरल वर्गात नाव नोंदवलं तर खर्च बराच आटोक्यात राहतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. या उपचारातला कुठला भाग त्यात बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, आधीच लिहून घ्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धावपळ नको. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या दोन जागा वर्षानुवर्षं बाहेरगावच्या रुग्णांना आधार देत आल्या आहेत. गर्दी असते, त्यामुळे तारीख मिळाली की लगेच चौकशी करा.

ऑपरेशन लहान नाही, हे आत्ताच मनाशी धरा. आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त. अपेंडिक्स काढतात, चरबीचा पडदा काढतात, जिथे जिथे पेशी बसल्या असतील तिथलं अस्तर सोलून काढतात. गरज पडली तर उजवीकडच्या मोठ्या आतड्याचा भाग, पित्ताशय, प्लीहासुद्धा काढावी लागते. अण्णांच्या जांघेतली राहिलेली पिशवी आणि तिथला वण हाही त्याच कामाचा भाग आहे, म्हणून हर्निया कुठल्या बाजूचा होता ते सांगायला विसरू नका. सगळं साफ झालं की साधारण ४२ अंश तापमानाचं औषध तासभर किंवा दीड तास पोटात फिरवतात. त्याला 'हायपेक' म्हणतात. औषध गरम आणि थेट जागेवर देण्याचं कारण असं, की सलाइनमधून दिलेली नेहमीची केमोथेरपी या मंद, जेलीत दडलेल्या पेशींपर्यंत नीट पोचत नाही. त्यामुळे लो ग्रेड आजारात नुसत्या केमोवर कुणी भिस्त ठेवत नाही.

आणि फळ? २०१२ साली जगातल्या १६ केंद्रांमधल्या २,२९८ रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे याच पद्धतीने ऑपरेशन झालेले. दहा वर्षांनी शंभरातले ६३ जण हयात होते, पंधरा वर्षांनी ५९. उपचारामुळे दगावलेले शंभरात २, आणि मोठी गुंतागुंत झालेले २४. दोन्ही आकडे समोर ठेवतेय, कारण निर्णय दोन्ही बघूनच घ्यायचा असतो. या आकड्यांत हाय ग्रेडवालेही आहेत. लो ग्रेड असेल आणि सगळं निघालं, तर अपेक्षा याहून चांगली धरता येते. स्कॅनमध्ये पोटात जवळपास काहीच नाही असं निघालं, तर अपेंडिक्स काढून, पोटात डोकावून, मग ठरावीक अंतराने स्कॅन करत राहायचं असा सौम्य मार्गही सर्जन निवडू शकतात. ते ठरवणं त्यांचं काम. आजार हळू चालणारा आहे, तेव्हा तयारीला दोन-चार आठवडे लागले तर जीव टांगणीला लावू नका. पण 'बघू दिवाळीनंतर' हेही नको. मधल्या काळात अण्णांना अंडी, डाळ, दूध, जे चालतं ते पोटभर द्या आणि रोज चालायला लावा. हा आजार घरात कुणाला लागत नाही, ताटवाटी वेगळी ठेवायची काहीही गरज नाही.

थोडं इतर वाचकांसाठी, कारण हे वाचून आज संध्याकाळी बरेच जण स्वतःची जांघ चाचपतील. साधारण चारातल्या एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो, आणि काढलेल्या पिशव्यांत कॅन्सरची गाठ सापडण्याचं प्रमाण दोनशेत एकाहूनही कमी आहे. घाबरायचं कारण नाही. पण काही खुणा दिसल्या तर नुसतं टाके घालून घेऊ नका, पोटाचीही तपासणी मागा. उतारवयात अचानक हर्निया आला आणि पोटाचा घेरही वाढतोय. वर्षानुवर्षं आत जाणारी गाठ आता जात नाही आणि हाताला कडक लागते. डावीकडचा मोठा, जुना हर्निया आहे आणि त्यासोबत शौचातून रक्त, वजनात घट, अंगात रक्त कमी. डावीकडे मोठ्या आतड्याचा वळणाचा भाग पिशवीत उतरतो आणि त्यातच कधी कधी कॅन्सर सापडतो. आणि बेंबीत आलेली घट्ट, न दबणारी गाठ. अमेरिकेत रॉचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ डेम्पसी नावाच्या परिचारिका सर्जन विल्यम मेयो यांना ऑपरेशनमध्ये मदत करायच्या. रुग्णाचं पोट धुऊन तयार करताना त्यांच्या हाताला बेंबीतली ही गाठ लागायची, आणि अशा रुग्णांच्या पोटात पसरलेला कॅन्सर निघतो हे त्यांनी मेयोंच्या लक्षात आणून दिलं. १९४९ पासून ही गाठ त्यांच्या नावाने ओळखली जाते. बेंबीचा हर्निया समजून पट्टा बांधून बसलेली अशी माणसं मी पाहिली आहेत.

आता अण्णा. तुम्ही 'पू होता' म्हणून वेळ मारून नेलीत, ते मी समजू शकते. पण एवढ्या मोठ्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही त्यांची लागणार आहे. परळला उतरल्यावर समोरची पाटी ते वाचतीलच. ज्या माणसाने पंचवीस-तीस वर्षं गर्दीत तोंडं बघून कोण विनातिकीट बसलंय ते ओळखलं, त्याला घरातल्यांची तोंडं वाचता येत नसतील का? त्यांना बहुधा काहीतरी कळलंय आणि तुम्हाला त्रास नको म्हणून ते गप्प आहेत. स्कॅनच्या आधी सांगा, तुम्ही स्वतः सांगा. सगळे नातेवाईक जमवून नको. दुपारी चहाच्या वेळी, दोघंच असताना. "अण्णा, तो पू नव्हता. अपेंडिक्समधून आलेली जेली होती. हळू वाढणारा आजार आहे, त्यावर ऑपरेशन आहे, मी चौकशी केली आहे, आपण दोघं जाऊ." कॅन्सर हा शब्द त्यांनी विचारला तर हो म्हणा. मग थांबा, आणि ते जे विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्या. पहिल्याच दिवशी आकडे सांगायची गरज नाही.

आणि आषाढी. जांघेचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला असेल, टाका सुका असेल आणि परळची तारीख आड येत नसेल, तर जाऊ द्या. पायी नको, एस.टी.ने. पिशवी उचलायला सोबत कुणीतरी हवं. दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहू देऊ नका, कळसाचं दर्शन घेऊन परत आणा. तारीख त्याच आठवड्यात आली तर मात्र परळ आधी. हेही त्यांना खरं कारण सांगूनच ठरवा, ते ऐकतील असं मला वाटतं. स्कॅन झाला की रिपोर्टची प्रत मला पाठवा, मी वाचून कळवते.